दाजींचा कान पिळायचा राहिलाय

सातपूर, नाशिक
होळीनंतरचा शुक्रवार, २००८

चि. सोमास,

यशोदाआक्काचा पोटभर आशीर्वाद. कळवणला तुझा गुडघा आणि म्हैस दोघंही ठणठणीत असतील असं धरून चालते. इकडे लय आनंद आहे. माझं लग्न चाललंय.

घाबरू नको, नवरा तोच आहे. आपल्या दिनेशनं (लेक असावा तर असा) बापाला लिव्हरचा तुकडा दिला, मुंबईला ऑपरेशन झालं, ते तू जाणतोसच. नवं लिव्हर झकास चालतंय. पण अंगानं त्याला परकं म्हणून हाकलू नये यासाठी ज्या गोळ्या देतात, त्याच डोक्यात चढल्या म्हणे (नव्या सुनेला रुळायला वर्ष लागतं, हे तर लिव्हर). म्हणून इथं नाशकात पुन्हा दवाखाना. हात थरथरतात, आणि तुझे दाजी चाळीस वर्षं मागं जाऊन बोहल्यावर उभे राहिलेत.

दोन खाटांमधला हिरवा पडदा म्हणजे अंतरपाट. कपाळाला बँडेजची पट्टी, त्या मुंडावळ्या. नात तृप्ती करवली म्हणून मिरवते. शेजारच्या खाटेवरचे मालेगावचे महेबूबभाई भटजी झालेत. भला माणूस, जमेल तसं सावधान म्हणतो आणि शेवटी आमीन. सिस्टरनं पडदा सारला की दाजी गोळ्यांच्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकतात. निम्म्या अंबाड्यात अडकतात. आणि लाजतात रे! या माणसानं आजवर मला हाक मारली ती ताटाकडं बघून.

डॉक्टरांनी गोळी बदलली, पण बदललेली तरी पोटात जायला हवी ना? नाहीतर लिव्हर हातचं जाईल म्हणतात.

तुझी आक्का

ता. क. खरं काम राहिलंच. दाजी म्हणतात, मेहुण्यानं कान पिळल्याशिवाय नवरदेव काही गिळणार नाय. डॉक्टरांनी स्वतः पिळून पाहिला, तर दाजी म्हणाले, हा आचारी आहे, पांढरे कपडे बघा. आमच्या लग्नात तू बैलगाडीत जिलबी धरून झोपला होतास, म्हणून कान राहिला. फेटा बांधून पहिल्या गाडीनं ये.

ता. क. दुसरा. पत्र टाकायच्या आधीच दाजींचं डोकं ठिकाणावर आलं. सकाळी सिस्टरनं दिलेली गोळी मुकाट गिळली आणि म्हणाले, बघतेस काय, चहा आण. माझ्या अंबाड्यातून एक गोळी काढून विचारलं, हे काय? मी म्हटलं, अक्षता. त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीपण खाल्ला.

तू ये मात्र. फेटा विसरू नको, आणि कान जरा जोरात पीळ. आठवलं तर आठवलं.