पुढील स्थानक आलेच

सोमवार, ४ मार्च
एकदाचं बस्तान बसलं. स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, खिडकीत ऊन, ओट्याशी उभं राहिलं की मेट्रोचा फलाट दिसतो. बालवाडीही समोरच, सुटली की छकुली स्टेशनात माझ्या तिकीट ऑफिसात येऊन बसते. स्टेशनचं नाव ‘आलेच’. ह्यांना फोनवर सांगितलं, तर हसून हसून पुरेवाट झाली. म्हणाले, पुढील स्थानक आलेच, मग उतरायचं की थांबायचं?

गुरुवार, ७ मार्च
जुनी उद्घोषणा खरखरायची. साहेबांनी माझ्या आवाजात नवी करून घेतली. आता दिवसभर माझंच ‘आलेच’. छकुली भेटेल त्याला सांगते, ही माझी आई बोलतेय. इथली माणसं मात्र अबोल. कुणी कुणाला हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावतात.

मंगळवार, १२ मार्च
सफाईच्या काकूंना स्टेशनच्या नावाबद्दल विचारलं. आधी टाळाटाळ केली. मग फरशी पुसता पुसता सांगू लागल्या. इथे दगडाची खाण होती. एक बाई तळाशी खडी फोडायची, तिची लेक वर काठावर बसायची. लेकीने हाक मारली, बाई ‘आलेच’ म्हणाली, आणि कडा कोसळला. ढिगाऱ्याखालून कितीतरी दिवस तेवढाच शब्द ऐकू यायचा. मुकादमाने ढिगारा उपसू दिला नाही. लेकीला कुणीतरी दूर नेलं.
“ती अजून चढतेच आहे, ताई,” काकू म्हणाल्या. “कुठल्याही लेकराची हाक तिला आपल्याच लेकीची वाटते.”
छकुली शेजारीच चित्र रंगवत होती.

शुक्रवार, १५ मार्च
भर दुपारी. मी तिकीट खिडकीवर. आतून छकुलीने “आई” म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत फलाटाखालून उत्तर आलं, आलेच. माझा आवाज. गाडी नव्हती, उद्घोषणाही चालू नव्हती. काकूंनी बादली तिथेच टाकली नि निघून गेल्या.

रविवार, १७ मार्च
हट्ट धरून माझी उद्घोषणा बंद करायला लावली. साहेब चिडले. उपयोग नाही. आज मोरीतून ऐकलं. मग जिन्यातून. छकुलीला बजावलं, हाक मारायची नाही. ती म्हणते, आई, तू इतक्या लांबून का बोलतेस?

मंगळवार, १९ मार्च
माझ्या हातून जेवत नाही. वेणी घट्ट, दुसऱ्याच धाटणीची, केसांत दगडाची पूड. विचारलं, कुणी घातली. म्हणाली, आईने.
मी आज तिचे केस विंचरलेच नव्हते –

बुधवार
बॅगा भरल्या. काकू आल्या, रिक्षा आणायला गेल्या. अजून नाहीत. कडी लावलीय.
छकुली मला मावशी म्हणतेय. मावशी, दार उघडा ना, माझी आई बाहेर उभी आहे, चढून चढून दमलीय –
एका हाताने तिला धरलंय. लिहिलं नाही तर मी ओरडेन, आणि ओरडले तर बाहेरूनही माझाच आवाज –
चावली. सुटली. स्टूल ओढतेय दाराशी. छकुली, नको – कडीपर्यंत तिचा हात –