ओट्याखालची दारे

नागपूर, रविवार, १३ जानेवारी १९७४
सकाळचे सव्वासात. दारांना पॉलिशचा दुसरा हात देऊन, हात धुऊन लिहायला बसलो.

ती. आईंना मधुसूदनचा शि. सा. न. वि. वि.

स्वयंपाकघर झाले. ओट्याखाली आता सपाट, अखंड फळ्यांची चार दारे आहेत. नक्षी नाही, कडेची पट्टी नाही. आपण सागवानासाठी दिलेले चारशे रुपये त्यातच लागले. गोपिका शेजारणींना बोलावून सागवान दाखवते. आपल्या घरच्या तांदळाचे पोते पहिल्या दारामागे ठेवले आहे. माझ्या ओव्हरटाइमच्या पैशांतून तिला कुकरही घेतला.

मुलीवर आहे तशी माझ्यावरही माया असू द्यावी.

आपला,
मधुसूदन

रामटेक, ४ जून १९७४

जवाईबापू मधुसूदनराव यांस जिजाबाईचे आशीर्वाद.

गोपीची चिठ्ठी आली अन् मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांदळात पिवळी भुकटी पडून राहिली म्हणते. दोनदा उन्हात घातला, तरी रोज सुपात हायेच. शेजारणी हसून राहिल्या असतील, मायनं किडका तांदूळ धाडला म्हणून. ते पोतं गाईले घाला. तुमी तिले एक शब्द बोलले नाही, गुमान जेवता, असं तिनं लिवलं. असा गुणाचा जवाई भेटायले नशीब लागते, वरून कुकर घेऊन देता! आमच्या ह्यांनी जन्मात कधी फुंकणी नाही आणली.

मले इथल्या पोत्यात काही दिसत नाही, पण माझे डोळे आता अधू. उरलेले चार पोते पुढच्या बुधवारी रुपराव व्यापाऱ्याले देऊन राहिली. त्याले सांगितलं, बाबा, माल किडका हाय, लबाडीनं विकणार नाही. पोत्यामागं वीस रुपये कमी देतो म्हणे. देऊ दे.

राग धरायचा तर माझ्यावर धरा, पोरीवर नको.

जिजाबाई

नागपूर, रविवार, ९ जून १९७४
पहाटेचे साडेपाच. पहिल्या दाराखाली पसरलेला काळा कागद आत्ताच उचलला.

ती. आईंना शि. सा. न.

बुधवारी तांदूळ देऊ नका. तो चांगला आहे. किडली आहेत ती माझी दारे. पोते परवाच गाईंना घातले, तरी कागदावर भुकटी पडली आहे.

दारे सागवानाची नाहीत. सालईची आहेत, जिच्या संत्र्यांच्या पेट्या करतात. मारोतराव मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते की काहून गा, घरात संत्री भरून राहिला का, याले वर्षाच्या आत किडा लागते. मी त्यांना गडद पॉलिश चढवायला सांगितले. उरलेल्या पैशांत कुकर आणला. ओव्हरटाइम मी केलाच नव्हता.

भुकटी दारांतून पडते हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होते. गोपिका तांदूळ उन्हात घालायची, तुमच्यासाठी रडायची, आणि मी खाली मान घालून जेवायचो. त्यालाच आपण गुण म्हणालात.

काल तिला सांगितले. तिने कुकर उचलून कोपऱ्यात ठेवला, भात पातेल्यात शिजवला आणि मला वाढला.

हे पत्र टपालात टाकत नाही. साडेसातच्या एस.टी.ने मीच आणतो. तोंडाने सांगू लागलो तर पुन्हा काहीतरी बदलून सांगेन, याची मला भीती वाटते. आपण वाचेपर्यंत मी दाराबाहेर उभा राहीन. मग रुपरावांकडे जाऊन त्यांनाही सांगेन.

माया असू द्यावी असे या वेळी लिहीत नाही.

मधुसूदन

खर्च: सालईच्या फळ्या ११२, मजुरी ९०, बिजागऱ्या, मुठी व पॉलिश ४८, कुकर १५०. एकूण ४०० रुपये.
आज सोबत आणले: ६० रुपये.
देणे: ३४० रुपये, आणि चांगल्या तांदळाचे एक पोते.