ते बाहेर बाकावर बसलेत

रहाटणी,
मार्च १९७७

प्रिय शालन,

तुला आणि जयसिंगरावांना आशीर्वाद, लहानग्याच्या दोन्ही गालांचे पापे. तुझ्या आईचा विलायतेचा व्हिसा झाला नाही. आधी हेच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू धाकधुकीनं वाचणार नाहीस. काय झालं म्हणून तू तार केलीस, पण तारेत मावण्यासारखं ते नव्हतं. खरं सांगायचं तर लिहायला बसण्याचं त्राणही नव्हतं. पहिली शिफ्ट करून घरी येतो, चहा घेतो आणि भिंतीला टेकून बसून राहतो. शीण कसला म्हणशील तर सांगता यायचं नाही.

तू रात्रपाळीला इस्पितळात, जयसिंगराव बसवर आणि पोर शेजारच्या मडमेकडे रडून झोपतं, हे तुझं पत्र वाचून दाखवलं त्या दिवसापासून आई निघालेलीच होती. पिंपरी कॅम्पातून लोकरीचा स्वेटर आणला. भर दुपारी घालून बघितला आणि घामाघूम होऊन हसत सुटली. मेतकूट केलं, डिंकाचे लाडू बांधले. तिकडच्या कायद्याचं तू लिहिलंस तेही मला पटलं. विधवा आईला लेकीकडे राहायला येता येतं. नवरा हयात असेल तर दोघांपैकी एकाला तरी पासष्ट पुरी पाहिजेत. मी सत्तावन्नचा. म्हणून तू लिहिलंस, आबा, फक्त कागदावर. मी म्हटलं, ठीक आहे. कागदावर मरायला काय जातं? इतकी वर्षं कंपनीच्या स्टोअरला काढली, चालू माल मोडीत दाखवलेला काय कमी पाहिलाय?

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवल्यावर एवढंच म्हणाली, मंगळसूत्र इथं काढायची नाही, गिरजाबाई शेजारी आहे, गावभर करील. मग ते मुंबईत काढायचं ठरलं.

त्यानंतर आमची रोज संध्याकाळी व्हिसाच्या मुलाखतीची तालीम. मी खुर्चीवर साहेब, ती समोर पाटावर. मुलगी काय करते, नातू केवढा आहे, इथं तुम्हाला बघणारं कोण आहे. ती फडाफडा उत्तरं द्यायची. मी फार ऐटीत विचारतो म्हणून एकदा साहेबालाच चहा करायला लावला तिनं. बऱ्याच दिवसांनी घरात हसू आलं होतं. सगळं विचारून झालं, फक्त एक प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आपल्याच बायकोला आपलं नाव कोण विचारतो?

चिंचवडहून पहाटेची गाडी धरली. मुंबईला उतरल्यावर ती बायकांच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिलो. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे. जोडवी तेवढी निघाली नव्हती, बोटं सुजलेली. लुगड्याचा काठ ओढून ती झाकली. रुमालात बांधलेलं मंगळसूत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, खिसा सांभाळा, गर्दी आहे. कुणी विचारलं तर मी तिचा चुलत दीर, मालोजी, असं ठरलं होतं. व्हिसाच्या कचेरीत तिला आत बोलावलं आणि मी बाहेर बाकावर बसलो, एक हात खिशावर ठेवून.

तुझ्या आईनं माझं नाव कधी घेतलं नाही, हे तुला मी काय सांगायचं? हळदीकुंकवाला बायका अडूनच बसल्या तर उखाण्यात घेते, तेही मी घरात नसताना. रेशनच्या दुकानात तुला पुढं करायची, आठवतं? तर दुभाष्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. ऐकू येत नसेल म्हणून बिचाऱ्यानं जरा मोठ्यानं विचारलं. तेव्हा तिनं पदर सावरला आणि जन्मभर सांगत आली तेच सांगितलं. ते बाहेर बाकावर बसलेत, त्यांनाच विचारा.

दुभाषा बाहेर आला. आपल्यातलाच होता, कोकणाकडचा वाटला. बाईंच्या मालकांचं नाव काय म्हणाला. मी हिंदुराव सांगितलं. मग म्हणाला, आणि आपण? मालोजी अगदी ओठावर होतं, शालन. पण हात खिशावर होता, रुमालातले मणी बोटांना लागत होते. मी म्हटलं, मीच तो. तो हसला नाही, रागावलाही नाही. काका, बाईंना घरी घेऊन जा, म्हणाला. तेव्हा दोष तिला एकटीला देऊ नकोस, मीही तेवढाच कच्चा निघालो.

परतीच्या गाडीत तिनं रुमाल मागून घेतला. कुंकवाचा करंडा घरीच राहिला होता, म्हणून रहाटणी येईपर्यंत पदर कपाळावर ओढून बसली. तेव्हापासून नीट जेवत नाही. माझ्या मेल्या जिभेपायी पोर परक्या घरी झोपतंय, म्हणते. लाडवांच्या डब्याला मला हात लावू देत नाही.

परवा वीज गेली म्हणून शिफ्ट लवकर सुटली. दारात चपला काढतोय तर आतून माझं नाव ऐकू आलं. ती चुलीपुढं होती, तव्यावर भाकरी. हिंदुराव, म्हणाली. थांबली, परत म्हणाली. मग कैलासवासी हिंदुराव. अडखळली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी न अडखळता सबंध म्हणाली आणि भाकरी उलटली. मला बघून दचकली नाही. म्हणाली, आता येतं मला, पुढच्या वेळी चुकायची नाही, शालनला लिहा, परत अर्ज कर म्हणावं.

तिनं सांगितलं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि तिचा निरोप वर लिहिला. आता माझं ऐक. परत अर्ज करू नकोस. तिच्या तोंडून एकदा तरी साधं नाव ऐकावं असं मला लग्नापासून वाटायचं. ते असं ऐकायला मिळालं. कागदावर मी कितीदाही मरेन, पण तिच्या तोंडून मरणं मला सोसायचं नाही. लहानग्याला आमच्याकडे आणून सोड, जमेल तेवढे दिवस. लाडू आहेत, माणसं आहेत. पेटीत टाकण्याआधी ती हे पत्र माझ्याकडून वाचून घेईल तेव्हा एवढा भाग मी वगळीन. तुझं उत्तर मात्र ती कुणाकडूनही वाचून घेईल, म्हणून नीट लिही, की एकदा नाही म्हटल्यावर तिथं दुसरा अर्ज घेतच नाहीत. तुझ्यासाठी आम्ही दोघं खोटं बोलायला मुंबईपर्यंत गेलो. एवढं एक खोटं तू माझ्यासाठी लिही.

तुझाच,
आबा