पिस्तुलाला खोबरेल

१८ आक्टोबर १९३१, रवि.
पिस्तूल उघडून पाहिले. नळी साफ, काडतुसे सहा. माझ्या खात्यातल्या सिद्रामला मी गिरणीतून काढल्याला आज महिना. गैरहजेऱ्या फार, मी तरी काय करणार? "मास्तर, बघून घेतो तुमाला," असे सर्वांदेखत म्हणाला. गिरणीच्या साहेबाने घाबरून मला परवाना काढून पिस्तूल दिले. तेव्हापासून दर रविवारी हे. सौ. म्हणते, घरात साप पाळलात.

खंडेनवमी
सौ. : "शस्त्र घरात आहे तर पुजायला नको का?" विळी, कात्रीशेजारी पाटावर मांडले. हळदकुंकू, वर पळीभर पाणी. दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, म्हणून तसेच ठेवले. काडतुसे आधी काढली, एवढी अक्कल शाबूत होती.

२५ आक्टो., रवि.
गंज! पुसून पुसून बोटे तांबडी. मुंबईहून आणलेले बंदुकीचे तेल संपलेले. हिच्या बाटलीतले खोबरेल घातले, सढळ हाताने. झकास चालते आहे. काडतुसे परत भरली.

२७ डिसेंबर, रवि.
थंडी मरणाची. बोटे वळेनात. आज उघडले नाही.

२९ डिसें.
संध्याकाळी गिरणीतून येताना बोळाच्या तोंडाशी सिद्राम आडवा आला. घोंगडीत हात घातला. मी खिशातल्या खिशात पिस्तुलाचा चाप ओढला. बार झाला नाही.
त्याने घोंगडीतून कागद काढला. "चुकलं माजं, मास्तर. लई हिंडलो, दाखल्याबिगर कुटं घेत न्हाईत. सही तेवडी करा की."
केली. अक्षर वाकडे आले.
घरी येऊन पिस्तूल उघडले. आत खोबरेल गोठून पांढरे झालेले. काडतुसावर आपटणारी सुई त्यात अडकली. थंडी पडली म्हणून माणूस वाचला. माझ्यामुळे नव्हे. मी तर मारलेच होते. सौ.ला सांगितले नाही.

३ जानेवारी १९३२, रवि.
सकाळी सिद्राम दारात. दुसऱ्या गिरणीत लागला. पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.
"गुरवारी पोराचं बारसं हाय. तुमी याचंच. पोरगं तुमच्या मांडीवर द्यायचंय."
मी काही बोलण्याआधी सौ. "येऊ हो" म्हणाली.
पिस्तूल आज पाहिले नाही. साहेबाला परत करायचे म्हणतो, पण कारण काय सांगू? आणि सिद्रामला? सांगितले तर तो पोर माझ्या मांडीवर देणार नाही. न सांगता घ्यायचे, तर चाप ओढलेल्या याच हातांनी.