बँकॉक ते सिंगापूर, माझ्या हिशेबाने

१ फेब्रुवारी २००९, रविवार
मंदी आखातात, आमच्या करामा भागापर्यंत पोचली. आमच्या ट्रॅव्हल एजन्सीचे मालक हनीफभाई म्हणाले, महिनाअखेर काउंटरवर एकच माणूस ठेवणार. मी किंवा राजन. माझी नोकरी गेली तर व्हिसा खलास. शोभना आणि वैभवीसकट बॅगा भरायच्या. अर्थात तशी वेळ येणार नाही. राजनकडे डिप्लोमा आहे. माझ्याकडे ज्ञान आहे, तेही स्वतः मिळवलेलं.
संकल्प : ऑफिसात यापुढे कुणावर हात उगारायचा नाही.

३ फेब्रुवारी
मोठं गिऱ्हाईक! रत्नागिरीचे जहूरशेठ. बँकॉकहून सिंगापूर, तिथे त्याच दिवशी दुपारी तीनला आंब्याचा करार. राजन म्हणे सकाळी सातचं विमान द्या. मी अकराचं दिलं. माणसाची झोप व्हायला हवी. नकाशावर दोरा लावून मोजलं. साधारण चौदाशे तीस किलोमीटर, म्हणजे सगळं धरून दोन तास पंचवीस मिनिटं. एक पंचवीसला टच. तिकिटावर मात्र दोन पंचवीस छापलंय. काय बेजबाबदार लोक! पेनाने दुरुस्त करून, खाली सही करून दिलं.

४ फेब्रुवारी
राजन म्हणतो, विजयभाई, सिंगापूर का टाइम बँकॉक से एक घंटा आगे है. त्याला भिंतीवरचा नकाशा दाखवला. सिंगापूर बँकॉकच्या जवळजवळ सरळ खाली. सूर्य दोन्हीकडे एकाच सुमारास उगवतो. मग घड्याळ पुढे कशाला पळेल? तो हसला. मी ॲटलास हाणला. (सपाट बाजूने. संकल्प हातापुरता होता.) त्याने माझं डोकं टेबलावर दाबून कान पंचिंग मशीनमध्ये घातला आणि म्हणाला, बोलो, एक घंटा आगे. नाही बोललो. तत्त्वाचा प्रश्न. कानाला दोन खड्डे, आरपार नाहीत.

९ फेब्रुवारी
जहूरशेठ आज सिंगापुरात. शोभनाला म्हटलं, या करारावर माझी नोकरी पक्की समज. ती म्हणाली, आधी कानाला हळद लावा.

११ फेब्रुवारी
जहूरशेठ आले. ते पोचेपर्यंत पार्टी उठून गेली होती. करार गेला. मी शांतपणे विचारलं, शेठ, तुमचं घड्याळ कुठल्या कंपनीचं? त्यांनी कॉलर धरून मला काउंटरवरून पलीकडे ओढलं. म्हणाले, मेल्या, आख्खं सिंगापूर घड्याळावर चाललाय, नि तू एकटा दोऱ्यावर! दोन कानाखाली. मी ठोसा मारला. ते सरकले, मागे स्टीलचं कपाट. कपाटाला खोल पोचा. मनगट दोन ठिकाणी मोडलं, पण नुकसान कपाटाचंच जास्त.

१२ फेब्रुवारी
हनीफभाईंनी हातापाया पडून पोलीसकेस टाळली. मला म्हणाले, आता घरीच बसा. पगारी रजा असावी. सिंगापूर सरकारला घड्याळाबद्दल पत्र लिहायला घेतलं, डाव्या हाताने.
संकल्प : राजनला काढतील तेव्हा त्याला धीर द्यायचा.

२८ फेब्रुवारी, विमानात
तिघे. व्हिसे कॅन्सल. तिकिटं राजनने काढली. निघताना त्याने माझी बॅग टॅक्सीत ठेवली.
पायलटने मुंबईला किती वाजता उतरणार ते सांगितलं. मी तोंड उघडलं. वैभवी म्हणाली, बाबा, प्लीज डोन्ट. शोभनाने माझ्या प्लास्टरवर कोपर टेकवलं, आणि सगळा भार दिला.
बरोबर आहे, म्हणालो.