तीन नंबरचा सॅक्सोफोन

मी, सरदार नूरमहंमद मुलाणी, वय ६९, निवृत्त रेल्वे फिटर, राहणार भांगरवाडी, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे, आज हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. स्नेहल यांनी आज सकाळी तपासून दिला आहे. डोके ठिकाणावर असणे वेगळे आणि ते चांगल्या ठिकाणी असणे वेगळे, असे माझी पत्नी अजीजुन्निसा हिचे म्हणणे आहे. तेही नमूद करतो.

कलम १. आमच्या कायद्याप्रमाणे माणसाला आपल्या मिळकतीचा फक्त तिसरा हिस्सा स्वतःच्या मर्जीने देता येतो, तोही वारस सोडून इतरांना. बाकीचे सगळे पत्नी, मुलगा अबरार आणि मुलगी नुसरत यांच्यात ठरल्या हिश्श्यांनी जाते. त्यामुळे घर आणि बँकेतली पुंजी यांविषयी मी काही लिहीत नाही, ते कायदा बघून घेईल. मुलीला मुलाच्या निम्मे येते हे मला कधी पटले नाही, म्हणून वडगावची जागा मी हयातीतच नुसरतच्या नावे करून दिली. अबरार, तू तेव्हा तीन महिने माझ्याशी धड बोलला नाहीस. आता पुरे कर. उरला माझ्या मर्जीचा हिस्सा. त्यात वाद्ये आहेत आणि भांडणे आहेत.

कलम २. या कागदाप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी नुसरतवर सोपवतो. ती प्रश्न कमी विचारते. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही.

कलम ३. माझ्याकडे दोन सॅक्सोफोन का आहेत, याचा खुलासा.

चौतीस वर्षे मी लोणावळ्याच्या यार्डात गाड्यांचे ब्रेक तपासले. इथून पुढे घाट लागतो. गाडी खाली सोडण्याआधी ब्रेकच्या पाइपात हवा पूर्ण भरलेली हवी आणि ती टिकायला हवी. गळती आधी कानाला कळते, मग साबणाच्या पाण्याने पक्की होते. सांध्यावर पाणी लावायचे, फुगा आला की तिथे गळती. हवेशी माझा संबंध एवढाच होता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना इस्पितळाने तीन गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे खेळणे दिले. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. महिनाभर मी ओढत बसलो. तिन्ही गोळ्या चढू लागल्या तेव्हा मला प्रश्न पडला, की आत ओढलेल्या हवेने गोळ्या चढतात, मग बाहेर सोडतो त्या हवेचे काय? ती नुसतीच वाया जाते? डॉ. स्नेहल यांना विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "काका, फुगे फुगवा." फुग्यांनी माझे भागले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून एक वरात गेली. पुढे एक किडकिडीत माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. गाल फुगलेले नाहीत, मानेच्या शिरा ताणलेल्या नाहीत, आणि आवाज मात्र सगळ्या बँडच्या वर. हा हवा साठवतो तरी कुठे, हे बघायला मी वरातीमागून स्टेशनपर्यंत चालत गेलो. नवरदेव कोण होता ते मला आजही सांगता येणार नाही. तो वाजवणारा म्हणजे भिमाजी सीताराम खंडागळे, राहणार बेगडेवाडी.

कलम ४. जांभळा सॅक्सोफोन.

हा मी फोनवर चित्र बघून मागवला. रंग बरा वाटला, एवढीच पारख. फुंकला तर नुसती हवा बाहेर, सूर नाही. मी म्हटले, गळती आहे. सवयीप्रमाणे बादलीत साबणाचे पाणी केले आणि ब्रशने सगळ्या झाकणांना लावले. फुगे आले. माझे निदान बरोबर होते. पण सॅक्सोफोनच्या झाकणांखाली चामड्याच्या बारीक गाद्या असतात आणि चामडे पाणी पिते, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाद्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. चौतीस वर्षांत मी एकही गाडी अशी बिघडवली नव्हती.

हा सॅक्सोफोन मी माझा धाकटा भाऊ नवाज यास देतो. आपल्या चिक्कीच्या दुकानात बसून "आमचे भाई आता वरातीच्या सुपाऱ्या घेणार" असे त्याने गिऱ्हाइकांना महिनाभर ऐकवले होते. त्याने तो दुकानात टांगावा, आणि कोणी विचारले तर साबणाची हकीकत सांगावी. तीही तो मीठमसाला लावूनच सांगेल, त्याला माझी परवानगी आहे.

कलम ५. दुसरा सॅक्सोफोन कसा निवडला. हे कलम लांब आहे, कारण सगळा प्रश्न याचाच आहे.

जांभळा घेऊन मी बेगडेवाडीला भिमाजीकडे गेलो. त्याने एक चावी अंगठ्याने दाबली, ती वाकली. म्हणाला, "भाऊ, ह्ये खेळणं हाय. चांगला घ्याचा आसंल तर येक ध्यानात ठिवा. तुमाला वाजवता येत न्हाई, मंग तुमी पारखनार कसं? दुसऱ्यानं वाजवाचा आन् तुमी पाठ फिरवून उभं ऱ्हायाचं. डोळं लय फसवत्यात."

मला याचे फार नवल वाटले. चप्पल आपण स्वतः घालून बघतो, चष्मा स्वतः लावून बघतो. आणि ही वस्तू अशी, की नवशिक्याला ती दुसऱ्याच्या श्वासावरच निवडावी लागते. मी म्हटले, मग तूच चल.

पुण्यात एका जुन्या वाद्यांच्या दुकानात आम्ही गेलो. मी दुकानदाराला दीड तास प्रश्न विचारले. गाद्या बदलून मिळतात का, चावी वाकली तर सरळ कोण करतो, तोंडाची बाजू वेगळी घेतली तर सूर बदलतो का, नवा हलका बरा की जुना भारी. शेवटच्या प्रश्नाला भिमाजीनेच उत्तर दिले, "नव्या हलक्यापरीस जुना भारी कवाबी बरा." मग दुकानदाराने एक गंमत दाखवली. नळीत दोरीला बांधलेला बारीक दिवा सोडायचा आणि सगळी झाकणे बंद करायची. जिथून उजेड दिसेल तिथे गळती. साबण नको, पाणी नको. एवढी वर्षे हवेत काढून मला हे सुचले नाही, म्हणून मी तिथेच स्वतःला एक शिवी दिली.

दिव्याच्या परीक्षेत तीन वाद्ये उतरली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. एक नंबर त्याने वरातीतल्यासारखा दणक्यात वाजवला. दोन नंबरही तसाच. तीन नंबर जुना, जपानी बनावटीचा, ठिकठिकाणी मुलामा गेलेला. तो हातात घेतल्यावर त्याने वरातीचे काहीच वाजवले नाही. सगळ्यात खालचा सूर धरला. तो सगळी झाकणे बंद असली तरच लागतो, केसाइतकी फट असली तरी फाटतो. हा फाटला नाही. तिथून तो सावकाश एकेक सूर वर चढत गेला आणि मध्येच थांबला. मी विचारले, "कसा आहे?"

"दोन नंबरचा घ्या भाऊ. ह्याच्यात काय राम न्हाई."

मी वळून बघितले. तीन नंबर त्याने खाली ठेवलेला नव्हता. सदऱ्याच्या टोकाने तो पुसत होता, आणि पुसून झालेला भागच पुन्हा पुसत होता. मी तीन नंबर घेतला. अजीजुन्निसा, किंमत मी तुला सांगितली त्याहून जास्त होती. किती ते आता विचारू नकोस, मला उत्तर देता येणार नाही.

परतीच्या गाडीत भिमाजी खिडकीबाहेर बघत बसला आणि बेगडेवाडीला मागे न बघता उतरला. पण आठवड्याने शिकवायला आला, आणि पहिल्याच दिवशी पेटी उघडण्याआधी म्हणाला, "भाऊ, मी खोटं बोललो. तीन नंबर सोन्यावानी हाय. तीस वर्सं मी बँडच्या मालकाचा साक्स वाजिवतोय. लगीनसराई सरली की मालक समदी वाजपं पेटीत घालून कुलूप लावतो. आखाडापासून कार्तिकापर्यंत माझ्या हातात काय न्हाई. आन् तुमी, काल शिकाया लागलेलं मानूस, असला घरी न्हेनार. माझ्याच्यानं बगवलं न्हाई."

मी तेव्हाच म्हटले, घेऊन जा, मी दुसरा आणीन. तो उठून उभा राहिला. "दान घ्यायला मी काय देवळाम्होरं बसलोय व्हय?" असे बोलून गेला तो दोन महिने आला नाही. चूक माझी होती. तीस वर्षांचे दुःख कोणी समोर ठेवले, तर त्यावर पहिल्या झटक्यात वस्तू काढून देऊ नये, एवढी अक्कल मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी नव्हती. दोन महिन्यांनी तो आपणहून आला. कागदात गुंडाळून त्याने एक पत्ती आणली होती. पत्ती म्हणजे सॅक्सच्या तोंडाशी बसते ती वेताची पातळ पट्टी. ती त्याने माझ्या दमाला बेतून स्वतः घासली होती. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

तेव्हापासून सात वर्षे, मालकाच्या पेटीला कुलूप लागले की तो मला शिकवायला येतो. फी घेत नाही. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आम्ही बेडशाला माझा दोस्त दत्तोबा याच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये बसतो. दत्तोबा म्हणतो, "तू वाजिवलंस की गुलाब दचकून उमलत्यात, त्यो वाजिवतो तवा आपसूक." अर्धा तास मी वाजवतो, मग म्हणतो, भिमाजी, जरा तू वाजवून दाखव, मला नीट कळले नाही. कळलेले असते. तरी मी विचारतो. त्याला वाजवताना ऐकणे, हा माझ्या म्हातारपणातला सगळ्यात मोठा आनंद आहे. हे त्याच्या तोंडावर मी कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ६. माझे पाने, हातोड्या व फटमापे घरातच राहावीत. उसनी देऊ नयेत. नवाजला तर मुळीच देऊ नयेत.

कलम ७. तीन नंबरचा सॅक्सोफोन, त्याची पेटी, पट्टा आणि उरलेल्या पत्त्या यांसह, मी भिमाजी सीताराम खंडागळे यास देत आहे. तो माझा वारस नाही आणि एवढ्याने माझा तिसरा हिस्सा ओलांडला जात नाही, तेव्हा कायद्याची हरकत नाही. हरकत घेईल तर भिमाजीच. जित्या माणसाला "नको" म्हणता येते. मेलेल्याशी कसा भांडतो ते बघू.

मग आजच का देत नाही, असे कोणी विचारेल. खरे उत्तर लिहितो. मला तो सोडवत नाही. सात वर्षे झाली, तो सगळ्यात खालचा सूर मला अजून अख्खा लागलेला नाही. लागतो, थरथरतो आणि फाटतो. मी तीनदा दिवा घालून बघितला, वाद्यात कुठे फट नाही. म्हणजे गळती माझ्यात आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे मला शोधायचे आहे. तेवढ्यासाठी भिमाजीला थांबावे लागत आहे. हा माझा स्वार्थ आहे आणि त्याबद्दल मी त्याची माफी मागतो.

नुसरत, तू असे कर. माझ्या मागे त्याला निरोप धाड, की सॅक्स बरेच दिवस बंद पडून आहे, गळतोय का ते वाजवून बघायला ये. तो येईल, वाद्याचे म्हटले की तो येतोच. त्याला पुरते वाजवू दे, मध्ये चहा विचारू नकोस. वाद्य त्याच्या हातात असतानाच हे कलम वाच. ते हातातून खाली ठेवणे त्याला किती जड जाते, हे मी दुकानात बघितले आहे.

त्याला एवढेच सांग, की हे दान नव्हे. पारखले त्याने, मी फक्त घरी आणले.

कलम ८. एक गोष्ट आजच्या तारखेची, विसरू नये म्हणून लिहितो. भिमाजी आत्ता बाहेर ओट्यावर बसला आहे. दत्तोबा साक्षीदार म्हणून आला, डॉ. स्नेहल आल्या, तेव्हा तोही सदरा बदलून, खिशाला पेन लावून आला होता. वकिलांनी सांगितले आहे, की ज्याला मिळायचे त्याची सही साक्षीला नसलेली बरी. हे त्याला कसे सांगू? मी म्हटले, साक्षीदार दोनच लागतात. तो म्हणाला, "सात वर्सं हितं येतोय भाऊ. सहीपुरता बी मानूस न्हाई व्हय मी?" अजीजुन्निसाने चहा नेला तर घेतला नाही. तिनेच मग त्याच्यापुढे सॅक्सची पेटी नेऊन ठेवली. तो आता वाजवतो आहे, रागाने, आणि तरी खालचा सूर अख्खा लागतो आहे. त्याला वाटते आहे मी त्याला परका धरले. हा कागद वाचला जाईपर्यंत त्याला तसे वाटत राहील, आणि ते मला सोसावे लागेल.

भिमाजी, तुझी सही या कागदावर का नाही, ते आता तुला कळले असेल. रागावला असशील तर रागाव, पण वाद्य खाली ठेवू नकोस.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खाली सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

(सही) सरदार नूरमहंमद मुलाणी

साक्षीदार:
१. (सही) दत्तोबा आदिनाथ घारे, राहणार बेडसे, ता. मावळ
२. (सही) डॉ. स्नेहल येवले, राहणार तुंगार्ली, लोणावळा

ठिकाण: लोणावळा
दिनांक: रविवार, १२ ऑक्टोबर २०२५