भागाबाईची फाईल सरकत नाही

२ डिसेंबर, आळंद

पोचले एकदाची! भालकीपासून उभ्यानेच आले, बसवकल्याण सोडल्यावर खिडकी मिळाली. मग काय, दोन्ही अंगाला शेंगांनी वाकलेल्या तुरी बघत बसले. भुवनेश्वरी अक्का स्वतः स्टँडवर आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यात, घरात एकट्या असतात. निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत. माझी बॅग त्यांनी ओढूनच घेतली. जेवताना आपल्या ताटाला लागून माझं ताट मांडलं. कडक भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, शेंगाची चटणी. आईला फोनवर आधी ताटाचंच सांगितलं. तिने ‘ताटाला लागून?’ असं दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, चांगली बाई दिसायलीय.

काम मनासारखं आहे. अक्कांचे वडील, अप्पा, टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायचे आणि म्हाताऱ्या माणसांची गाणी, गोष्टी भरून आणायचे. अप्पांमागे अक्कांनी तेच केलं. हे सगळं आता घरच्या सर्व्हरवर आहे, म्हणजे कपाटातल्या एका काळ्या डब्यात. आत हार्ड डिस्क, घराच्या नेटला जोडलेली. डबा जुना झालाय, घरघरतो. शेजारी नवा आणून ठेवलाय. जुन्यातलं नव्यात हलवायचं. कॉम्प्युटर शिकल्याचं सार्थक झालं!

४ डिसेंबर

अप्पांचा फोल्डर पाण्यासारखा वाहत गेला. मी कॉपी करणार होते, पण अक्का म्हणाल्या, कट करून पेस्ट कर. दोन्हीकडे राहिलं की कुठलं खरं ते कळेनासं होतं. दुपारी आम्ही थोडं ऐकलं. कुणी मोटेवर बैलांना हाळी घालतंय, कुणी बाई शेजारणीशी भांडतेय आणि मागे अप्पा हसतायत. यातलं आता कुणीच राहिलं नाही, असं अक्का म्हणाल्या. हसत म्हणाल्या, मग पदराने डोळे पुसले.

५ डिसेंबर

अक्कांचा फोल्डर घेतला आणि पहिल्याच फाईलला गाडी अडली. फाईल भागाबाईंची, कडगंचीपलीकडच्या एका वाडीतल्या. सुरुवातीला अक्कांचा आवाज: तुमचं नाव काय, गाव कुठलं? (अक्कांच्या प्रत्येक फाईलची सुरुवात अशीच.) मग ओवी:

तुरीला आला फुलोरा, शिवार पिवळं झालं
लेक निघाली सासरी, दारात कोन आलं

‘दारात’पर्यंत जाते आणि हिरवी पट्टी उभी राहते. मग ‘जोडणी तुटली’. वायर बदलली. राउटरचं भोक बदललं. नावात मराठी-कानडी अक्षरं मिसळली होती, ती काढली. डबा मधेच झोपी जातो का बघून ती सोय बंद केली. डिस्क तपासली, ठणठणीत. तरी ‘दारात’. हीच फाईल खराब असेल म्हणून अफजलपूरच्या माणिकरावांची घेतली. भीमेच्या पुराची गोष्ट आहे. तीही अडली, ‘पाणी’ या शब्दावर.

६ डिसेंबर

सकाळी विहारात मेणबत्ती लावून आले. आल्यावर जे दिसलं त्याचा अर्थ लागत नाही. हलवणं फसलं की मूळ फाईल जागेवर शाबूत राहते. इथे तसं नाही. भागाबाईंचं ‘दारात’पर्यंतचं नव्या डब्यात गेलंय आणि जुन्यात फक्त ‘कोन आलं’ आणि पुढचं उरलंय. फाईल अशी मधोमध फाटत नसते.

अक्का नव्या भाजीवालीला नाव विचारायला गेल्या आणि ‘तुमचं’ म्हणून थांबल्या. मला म्हणाल्या, वय झालं बघ.

संध्याकाळी भागाबाईंच्या मुलाचा, राजपालचा फोन आला. म्हणत होता, आईला कायतरी झालंय, येऊन जावा.

७ डिसेंबर

वाडीला जाऊन आलो. भागाबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. अक्कांनाही ओळखलं नाही. ओवी गात होत्या. ‘लेक निघाली सासरी, दारात—’ आणि तोंड उघडंच. सूप हातात अधांतरी. कितीतरी वेळाने पापणी हलली आणि पुन्हा पहिल्यापासून, ‘तुरीला आला’.

राजपाल म्हणाला, “परवापासनं असंच चाललंय, अक्का. जेवंना, बोलंना. दवाखान्यात म्हनायलेत काईच न्हाई झालेलं. मंग ही हितं कामून थांबायलीय?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. तो शब्द मला आधीच माहीत होता.

८ डिसेंबर

माणिकरावांच्या घरी मीच फोन लावला, काही नसू दे, काही नसू दे म्हणत. सून बोलली. मामांनी पाच तारखेला पाणी मागितलं. तांब्या पुढे केला. ते अजून पाणी, पाणीच म्हणतायत. ओठाला लावलेलं पीत नाहीत.

अप्पांच्या फायली सरसर गेल्या, कारण ती माणसं आधीच गेलेली होती. अडतात त्या जिवंतांच्या.

हे अक्कांना सांगताना वेड्यासारखं वाटत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, अर्धं मानूस हितं अन् अर्धं तिथं, यापेक्षा मोठं पाप न्हाई, पुरं कर. मी म्हटलं, उलट फिरवते, मागे आणते. दिवसभर प्रयत्न केला. नव्या डब्यातून काही म्हणता काही मागे येत नाही.

९ डिसेंबर

राउटर मधून काढून दोन्ही डबे एकाच वायरीने थेट जोडले. भागाबाईंची फाईल पूर्ण गेली. ‘कोन आलं’ ऐकू आलं तेव्हा मी आणि अक्का एकमेकींच्या गळ्यात पडलो.

चहा व्हायच्या आत राजपालचा फोन.

“गानं पुरं केलं, अक्का. माझ्याकडं बघून हसली. अन् मान टाकली.”

१० डिसेंबर

मातीला जाऊन आलो. राजपालने अक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. तुम्ही आईचा आवाज जपून ठेवलाय, म्हणाला. अक्कांना त्याचं नाव आठवेना. त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्याच उभ्या होत्या.

परत येऊन फाईल उघडली. ती वाढली आहे. ओवी संपते, मग थोडी शांतता, आणि मग भागाबाई: “कोन हाय? राजपाल? दिवा कामून लावंना गं कुनी?”

मी हेडफोन काढून फेकला. अक्कांनी उचलून कानाला लावला आणि दुपारभर काढला नाही.

११ डिसेंबर

ती हाक मारतेच आहे. कुणीतरी ओ द्यायला नको? मला राहवलं नाही. माईक जोडून त्याच फाईलच्या शेवटी बोलले. भागाबाई, मी दीपमाला, घाबरू नका, आम्ही इथेच आहोत.

तासाभराने उत्तर होतं. “दीपमाला, हितं लई जन हायत गं. कुनालाच कुनी दिसंना.”

अप्पांच्या फायली उघडून पाहिल्या. त्याही वाढल्यात. बैलवाला, भांडणारी बाई, अप्पा — सगळे विचारतायत, कोण आहे.

मी काय करून बसले.

१२ डिसेंबर

अक्कांची कानडी गेली. सकाळी देवापुढे बसल्या, रोजचं कानडी वचन म्हणायला तोंड उघडलं आणि तशाच. पोरीसारख्या रडल्या. त्यांचा आवाज तर त्यांच्या सगळ्याच फायलींत आहे. दीडच फाईल हलली, तेवढ्यात एवढं गेलं.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर कॉम्प्युटरपुढे अक्का. सगळा फोल्डर त्यांनी स्वतः लावला होता. हिरवी पट्टी चालू. माणिकराव पूर्ण गेले होते. त्यामागे आणखी कुणी, मग आणखी कुणी — जिवंत माणसं, घरात, शेतात, बाजारात.

अक्का म्हणाल्या, “अर्धी ऱ्हाऊन काय करू? मला सगळी एका जागी जाऊ दे, दीपा. अप्पा हाका मारायलेत.”

मी वायर उपटली.

अक्का “तू कामून—” म्हणाल्या आणि थांबल्या.

१३ डिसेंबर

अजून तशाच खुर्चीत. हात माझ्याकडे केलेला. श्वास चालू आहे. पाणी पाजलं, गालावरून ओघळलं.

फोल्डरमधल्या उरलेल्या सगळ्याच फायली अर्ध्यात फाटल्यात. वायर लावली तर अक्का जातात. त्यांच्याबरोबर फोल्डरमधले सगळे जातात. नाही लावली तर हे असं. किती गावांत, किती घरांत — असं.

राजपालला फोन करायचा होता. त्याला सांगायचं होतं की तुझी आई अंधारात —
नाही सांगितलं.

१४ डिसेंबर

आईचा फोन. उचलला. तिने विचारलं, जेवलीस का. जेवले म्हणायचं होतं. शब्द डोळ्यापुढे होता, तोंडात नव्हता. ती हॅलो हॅलो करत राहिली.

मी त्या फाईलमध्ये बोलले होते. घाबरू नका म्हटलं होतं. ‘आम्ही इथेच आहोत’ — तेही.

लिहिता येतंय अजून. काही शब्द. हळू.

समोरच्या त्या — खुर्चीतल्या — त्यांना मी काय म्हणायची? दोन अक्षरी होतं. रोज म्हणायची.

१५

त्यांचा फोन वाजतोय सारखा. एक उचलला. कुणी बाई रडायली. तिचा बा भाकर मोडता मोडता तसाच — विचारायली, तुम्ही आवाज भरून नेलता नव्हं, मग तुम्हाला ठाऊक असंल —

सांगायला गेले. तोंड उघडं.

ती वाट बघायली अजून. फोन चालू आहे.

वायर हातात. लावली तर तिचा बा — आणि या — आणि मी. न लावली तर आम्ही सगळे असेच, कुठवर, कोण येऊन —

लावते. अर्ध्यापेक्षा